समुद्राकडची बाजू

नवऱ्याच्या उजव्या कानामागे काहीतरी पांढरं दिसलं, तेव्हा तिला वाटलं की आपल्याच हाताचं प्लास्टर लागलं असणार. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला पांढऱ्या डागाचं काय कौतुक? तिच्या पर्सच्या चेनमध्ये प्लास्टर, चष्म्याच्या काड्यांवर प्लास्टर, एकदा तर घरी साखरेच्या डब्यात प्लास्टरचा खडा सापडला होता आणि सासूबाईंनी तो आठवडाभर सगळ्यांना दाखवला होता. नवरा तिचा विसरलेला डबा द्यायला लॅबच्या दारापर्यंत आला होता. खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात तिने जाता जाता करंगळीच्या नखाने तो डाग खरवडला. नवरा गेला. ती आपल्या स्टुलावर येऊन बसली, अर्धवट झालेला साचा पुढे ओढला आणि करंगळी जिभेला लावली. का लावली, ते नंतर पुष्कळ विचार करूनही तिला सांगता आलं नसतं. प्लास्टरला चव नसते. हे खारट होतं.

घाम असेल, असं तिने स्वतःला लगेच बजावलं. पण हवा गार होती, आणि घाम फुटावा असं नवऱ्याच्या दिनक्रमात काही नव्हतं. तो पाणीपुरवठा खात्यात तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसतो. दुपारची पाळी. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, नळ शिट्ट्या मारतो. लोक फोनवरून त्याच्या कानात पाणी ओतत राहतात आणि तो न चिडता सगळं ऐकून घेतो. सकाळी तो मोकळा असतो. अलीकडे त्या मोकळ्या सकाळी तो एक दिवसाआड आईला गुडघ्यांच्या व्यायामाला घेऊन जातो. असा मुलगा नशिबाने मिळतो, असं खालच्या मजल्यावरची बाई म्हणते. तीही आतापर्यंत तसंच म्हणत होती. आता नेमक्या त्या गुणीपणातच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती पाल भिंत सोडत नाही, हे तिला स्वतःबद्दल माहीत होतं.

शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारी बाई बसायची. सगळे तिला मेणवालीच म्हणत. दवाखान्यांतून पेशंटचा चावा यायचा, म्हणजे मेणाच्या गुलाबी पट्टीवर उमटलेल्या खुणा, आणि त्यावरून मेणवाली वरची आणि खालची कवळी एकमेकींशी जुळवून द्यायची. 'आज किती चावे आले?' असं इथे चहा पिता पिता विचारतात. नवऱ्याचा तो समुद्रातला प्रकार झाल्यावर काही दिवस तिच्यासमोर हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. खाणाखुणांनी काम चाललं होतं. मग कामाचा घोटाळा व्हायला लागला आणि चावा पुन्हा चावा झाला. तर या मेणवालीला तिने आडून आडून विचारलं, एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून. मेणवालीने सुरी न थांबवता निकाल देऊन टाकला.

"खारट म्हणजे घाम. आणि या गारठ्यात घाम म्हणजे बाई. मैत्रिणीला म्हणावं, शर्टाची कॉलर बघ."

तिला हसू आलं. हसता हसता लक्षात आलं की हे खरं निघावं असं आपल्याला मनापासून वाटतंय. बाई असती तर फार बरं झालं असतं. बाईचं घर शोधता येतं, तिच्या दारात उभं राहून चार शब्द सुनावता येतात, रडता येतं, माहेरी जाऊन बसता येतं. सवतीला निदान नाक-डोळे असतात. पण ती चव समुद्राची असली तर समुद्राच्या दारात जाऊन काय सुनावणार, आणि ऐकायला कोण बसलंय? तिने साच्याच्या कडा घासायला घेतल्या. साचा कुणा म्हाताऱ्याचा होता, समोरचे दात नव्हते. सबंध दुपार ती त्या रिकाम्या हिरड्यांकडे बघत राहिली आणि जिभेवरून ती चव काही जाईना.

घरात त्या चाव्याला 'तो प्रकार' म्हणायचे. शार्क हा शब्द कुणी उच्चारत नसे, जसा काही तो ऐकून वर येईल. तो प्रकार झाला त्या संध्याकाळी ती वाळूवर बसून संत्रं सोलत होती. नवरा पोहणारा माणूस. लग्न ठरलं तेव्हापासून तिने त्याचं डोकं जितकं जवळून पाहिलं होतं तितकंच लांबून, लाटांमध्ये, तिळाएवढं झालेलं पाहिलं होतं, आणि त्या तिळाची तिला कधी काळजी वाटली नव्हती. ऊन उतरलं होतं. आदल्या दिवशीच्या पावसाने पाणी गढूळ झालं होतं. तो बाहेर आला, आपल्या पायांनी चालत आला, आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे की याने एकाच पायात लाल मोजा कशाला घातलाय? काहीतरी चावटपणा करून दाखवतोय. तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. तो शेजारी येऊन बसला, "जरा टॉवेल दे," म्हणाला, आणि मोजा वाळूत ओघळायला लागला. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. धावणारी माणसं आठवतात, गाडीतला रबराचा वास आठवतो. फोड मात्र तोंडात तशीच राहिली होती, आणि ती हॉस्पिटलच्या जिन्यात कधीतरी तिने गिळली. त्यानंतर तिने संत्रं घरात आणलेलं नाही.

शार्कला माणूस आवडत नाही, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. गढूळ पाण्यात त्याला नीट दिसत नाही, हे काय आहे ते बघायला तो तोंड लावतो आणि नकोसं वाटलं की सोडून देतो. चाखून सोडलं असं समजा, म्हणाले. बिचारे धीर द्यायला बोलत होते, पण सासूबाईंच्या ते वर्मी लागलं. नऊ महिने पोटात वाढवला तो कुणी चाखून टाकून द्यायला का, असं त्या भेटायला येईल त्याला विचारायच्या. मुलाला शार्क चावला याच्यापेक्षा शार्कला मुलगा आवडला नाही याचाच त्यांना जास्त राग आला होता. ती मात्र डॉक्टरांचं बोलणं अक्षर न अक्षर धरून बसली होती. नवऱ्याचा हात हातात घेऊन तिने हॉस्पिटलच्या खाटेशीच त्याच्याकडून शपथ घेतली. तिला 'समुद्रात उतरणार नाही' असं हवं होतं. तो इंजेक्शनच्या गुंगीत म्हणाला, "समुद्रात पोहणार नाही." तिने दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण त्याचे डोळे मिटले होते, आणि मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाशी शब्दांवरून काय हुज्जत घालायची, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. आता त्या एका शब्दाची तिला हळहळ वाटायला लागली. लॅबमध्ये ती केसभर फट राहू देत नाही आणि इथे एवढं भगदाड ठेवून आली होती.

पोटरीवरचा वण तिला पाठ होता. त्याला दाखवायला आवडत नसे, पण झोपलेल्या माणसाच्या पायावर बायकोचा हक्क असतो. एक कमान, तिच्यात ओळीने टाके, आणि मध्येच एक मोकळी जागा, जिथे कातडीला काहीच झालेलं नव्हतं. धंद्याची नजर म्हणून तिला पहिल्यांदा तेच दिसलं होतं: याचा एक दात पडलेला होता. मग तिने कुठेतरी वाचलं की शार्कचा दात पडला की मागच्या ओळीतला पुढे सरकतो, कवळीवाल्यांची गरजच नाही. म्हणजे ती मोकळी जागा आता त्याच्या तोंडात राहिलेली नसणार. तो कुठेतरी आहे, नवा दात घेऊन आहे, असा विचार तिला भाजी चिरताना, बसची वाट पाहताना येऊन जायचा. वाचलं तर तिने आणखी पुष्कळ होतं आणि जेवायच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलंही होतं. पहाटे उतरू नये, तिन्हीसांजेला उतरू नये. पाऊस पडून गेल्यावर नाही, नदी मिळते तिथे नाही, ताजी जखम असताना नाही. एकट्याने लांब जायचं नाही. अंगावर चकाकणारं काही नको, मासा समजून येतो. सासूबाई म्हणायच्या की जेवताना तरी ते पुराण नको, आणि नवरा मुकाट्याने ताटाकडे बघत जेवायचा.

त्याला ऐकवायची खरं तर काही गरजच नव्हती. समुद्र राहू दे, तो बादलीतल्या पाण्यालाही भ्यायला लागला होता. आंघोळीला दार उघडं ठेवायचा. नळ ठिबकायला लागला की झोपेतून उठून बसायचा. पलंगाच्या मधोमध, पाय पोटाशी घेऊन झोपायचा, कारण पाय कडेच्या बाहेर गेला तर खालून काहीतरी धरेल असं त्याला वाटायचं. हे त्याने एकदाच सांगितलं होतं आणि सांगितल्यावर लाजून भिंतीकडे तोंड केलं होतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, तिला गलबलून आलं होतं, हे सगळं खरं. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट खरी होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला ते बरं वाटलं होतं. घाबरलेला नवरा घरात राहतो. पूर्वी सुट्टीच्या दिवशी तो तिळाएवढा व्हायचा, आता हाताच्या अंतरावर असायचा. त्याची भीती म्हणजे तिच्या जिवाला स्वस्थता, अशी ती वाटणी इतके दिवस बिनबोभाट चालली होती.

आणि गेल्या आठवड्यात त्याचा पाय पलंगाच्या बाहेर लोंबत होता. सकाळी तिला जाग आली तेव्हा तो पालथा पडून घोरत होता आणि तोच पाय, तोच, जमिनीच्या दिशेने मोकळा सोडलेला. दुसरी एखादी असती तर तिला आनंद झाला असता. तिने वाकून पलंगाखाली बघितलं.

खारट चव लागली त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना गाठलं. त्या आरामखुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. गुडघ्यांचं दुखणंही अलीकडचंच. मुलगा घरात असला की जरा जास्त दुखतात, हे तिने पूर्वीच टिपलं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला तेवढी मुभा असते असं समजून सोडून दिलं होतं. व्यायामाचं ते केंद्र कुठे आहे, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, मोठ्या रस्त्याने गेलं की डावीकडे. शहरातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याला डावीकडे असतंच. आणि शिकवतं कोण? सासूबाईंनी पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"आहे एक जण. चांगला आडदांड आहे, पण हात हलका आहे त्याचा."

त्यांनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, तर ती सासूबाईंनी. एक दिवस सोडून सकाळी दात घासताना तिला साबणाच्या ताटलीत त्यांची कानातली दिसली. सोन्याची, बारीक खड्यांची. ती कानातून निघालेली तिने कधी पाहिली नव्हती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा सासूबाईंनी डॉक्टरांशी भांडून ती कानातच ठेवली होती. गुडघ्यांच्या व्यायामाला कान मोकळे कशाला लागतात? अंगावर चकाकणारं काही नको, हे या घरात कुणी कुणाला सांगितलं होतं? तो एकटा नव्हता. आईला घेऊन जात होता, आणि आईला ठाऊक होतं. दोघं मिळून तिच्या डोळ्यात धूळ फेकत होते, आणि तिने वाचून दाखवलेल्या सूचनांवरून फेकत होते. तिला रडू आलं ते भीतीने की अपमानाने, हे तिचं तिलाच कळेना. तिने ताटली होती तशी ठेवली आणि तोंड धुतलं.

लॅबमध्ये गेल्या गेल्या तिने दाढ दुखते म्हणून रजा मागितली. दातांच्या लॅबमध्ये हे कारण द्यायला नको होतं. जो तो आरसा घेऊन तिच्या तोंडात बघायला आला, आणि मेणवाली म्हणाली की दाढ तर ठणठणीत आहे, मैत्रीण कशी आहे? तिने पर्स उचलली. बस समुद्राच्या बाजूला वळते तिथे ती इतके दिवस कधी आली नव्हती. कामासाठीसुद्धा लांबच्या रस्त्याने गेली होती. ऊन चांगलं वर आलं होतं. किनाऱ्यावर कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांची रांग होती, रंग उडालेली, आणि त्यापलीकडे पाय धुवायचा नळ. ती शेवटच्या खोलीच्या आडोशाला उभी राहिली. पाणी स्वच्छ होतं, पाऊस कित्येक दिवसांत नव्हता, नदीचं तोंड दुसऱ्या टोकाला होतं. एकूण एक सूचना पाळलेली होती. या नीटनेटकेपणानेच तिचा संताप वाढला.

ते दोघं कमरेएवढ्या पाण्यात होते. नवऱ्याने आईला लहान मुलासारखं उचलून धरलं होतं, तिचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात, ओली बाही त्याच्या उजव्या कानावर. मीठ कुठून आलं ते दिसलं. तो हलत नव्हता. लाट आली की त्याचे खांदे वर जायचे, लाट गेली की खाली यायचे, आणि सासूबाई त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. मग तो सावकाश वळला, काठाकडे आला, आईला ओल्या वाळूवर अलगद उभं केलं. गुडघ्यांवर दुमडलेली पँट, आणि खाली तो वण, भर उन्हात उघडा. त्याने तो झाकायची घाई केली नाही. टॉवेल पिळायला नळाच्या दिशेने गेला, ती उभी होती त्या आडोशासमोरून, पण मान खाली घालून, आणि त्याच्या ओठांवर काहीतरी गुणगुणणं चाललं होतं.

ती तावातावाने वाळूत उतरली. चार शब्द सुनावायचे होतेच. तेवढ्यात सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं, झपाझप पावलं टाकत वर आल्या, आणि कापडी पिशवी उचलायला चवड्यांवर खाली बसल्या. पूर्ण बसल्या. पिशवीत चपला ठेवल्या, रुमाल काढला, आणि हाताचा आधार न घेता उठल्या. उठल्या तेव्हा समोर सून. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती इथे तशीही सरकत होतीच, पण दोघींनाही तेव्हाच जाणवली.

"त्याला सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"काय सांगू नको?"

"गुडघे बरे आहेत ते."

तयार करून आणलेली वाक्यं सगळी नवऱ्यासाठी होती, त्यातलं एकही इथे लागू पडेना. सासूबाई भराभर बोलल्या, नळाकडे एक डोळा ठेवून. स्वतःसाठी तो पाण्याजवळ फिरकला नसता. आईसाठी आला. आधी नुसता वाळूवर उभा राहायचा आणि दातखीळ बसायची, मग घोटे भिजले. माणूस म्हणून जगायला नको का त्याने, किती दिवस पाय पोटाशी घेऊन झोपणार? मनातल्या मनात तिचं उत्तर तयार होतं: मी आहे तोवर.

"आणि तो परत आला तर, आई?"

कोण ते विचारायची गरज नव्हती. सासूबाईंनी मोकळ्या कानाची पाळी चोळली.

"समुद्राकडची बाजू माझी असते. मुद्दाम तसं धरायला लावते. आधी मला चाखावं लागेल."

नवरा टॉवेल झटकत आला आणि तिला बघून जागच्या जागी थांबला. सासूबाई तोवर लंगडायला लागल्या होत्या. तो तिच्याकडे बघत राहिला, मग आपल्या पायाकडे, मग परत तिच्याकडे.

"पोहत नाही मी," तो म्हणाला. "नुसता उभा असतो."

खोटं बोलत नव्हता. शपथ त्याने शब्दशः पाळली होती, त्या एका शब्दाच्या भगदाडातून बाहेर पडून. तिला त्याला धरून हलवावंसं वाटलं, आणि त्याचा खारट कान छातीशी धरावासा वाटला, आणि या दोन्हींतलं आधी काय करायचं ते ठरायच्या आत सासूबाई कण्हल्या.

"अरे, माझी एक चप्पल राहिली वाटतं पाण्यात."

पिशवी तिच्या पायाशी होती, तोंड उघडं. आत दोन्ही चपला होत्या, एकीवर एक. तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई समुद्राकडे बघत होत्या. नवरा पाण्याकडे बघत होता, आणि मग त्याने तिच्याकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. नको, असं तिने म्हणायचा अवकाश, तो थांबला असता. खुशीने थांबला असता. रात्री पाय जवळ घेऊन झोपला असता, हाताच्या अंतरावर, आणि तिचं सगळं पूर्वीसारखं झालं असतं. तिने पायाच्या बोटांनी पिशवीचं तोंड मिटलं.

तो गेला. एकटा. पाणी घोट्यांशी आलं, मग पोटरीवर चढलं आणि वण बुडाला. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. नखं रुतली, आणि तेव्हा तिला कळलं की ही बाईही आत्ता मरणाची घाबरली आहे, रोज घाबरत आली असणार.

"तू डावीकडे बघ," त्या पुटपुटल्या. "मी उजवीकडे बघते."

तिने डावीकडे बघितलं. डावीकडचं सगळं पाणी तिच्या वाट्याला आलं होतं, आणि त्यातली एक लाट तिला सरळ वाटेना. जिथे उन्हाचा तुकडा हलत होता तिथे खाली काहीतरी सरकलं, की ढगाची सावली होती, की तिचेच डोळे. तिने पापणी लववली नाही. गुडघाभर पाण्यात तो थांबला, वाकला, हाताने तळ चाचपला.

"दिसत नाही गं, आई," त्याने ओरडून सांगितलं. आवाज कापत होता.

सासूबाईंनी उजवीकडचं पाणी सोडून त्याच्याकडे बघितलं. मनगटावरची पकड आणखी आवळली. तो तसाच वाकलेला, आता परत फिरणार होता.

"अजून थोडं पुढे जाऊन बघ," ती म्हणाली, आणि डावीकडे बघत राहिली.